तळ्यावरचा वारा कमी होत चालला आहे

आमच्या घरात हवामान हा छंद नव्हता. आईवडील वीटभट्टीवर विटा थापायचे. दिवाळी झाली की मराठवाड्यातलं गाव सोडायचं आणि उन्हाळा संपेपर्यंत भट्टीच्या कडेला खोपट घालून राहायचं. थापलेली कच्ची वीट उन्हात वाळत पडलेली असते आणि अवकाळी पाऊस आला की तिचा परत चिखल होतो. भिजलेली वीट मजुरीत धरत नाहीत. म्हणजे माणसानं दिवसभर कंबर मोडून केलेलं काम आभाळानं घटकाभरात पुसून टाकायचं आणि मुकादमानं वर बोट दाखवून मोकळं व्हायचं.

आभाळ भरून आलं की आई ओरडायची, "ऊठ गं, आभाळ आलंय!" धड अशी ताडपत्री एकच होती. ती विटांवर जायची आणि आम्ही पावसात. वारा सुटला की ती उडू नये म्हणून आम्हा भावंडांना तिच्या कोपऱ्यांवर बसवायचे. दगड नव्हते असं नाही. पण दगडानं कच्ची वीट दबते, पोराला मात्र हलकं बस म्हणून सांगता येतं, असा आईचा विचार होता. वाऱ्याशी माझा पहिला शास्त्रीय संबंध आला तो असा, बुडाखालून.

पुढं सरकारी वसतिगृहात राहून मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरात, भावकीत आणि त्या भट्टीवरच्या सगळ्या खोपटांत मिळून पहिली पदवी माझी. हे मी कुणालाही, न विचारता सांगते. विचारायची वाट पाहिली तर कुणी विचारत नाही, असा अनुभव आहे. मग सेफ्टीचा कोर्स केला, लग्न झालं, नवऱ्याला बहरीनमध्ये मुहर्रकच्या विमानतळावर टेक्निशियनची नोकरी लागली आणि वर्षभरानं मलाही सित्रातल्या एका क्रेनच्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर म्हणून घेतलं. आम्ही सनदला राहतो. सकाळी कंपनीच्या बसनं जायचं, दिवसभर यार्डात उभं राहायचं. क्रेनच्या टोकाला वारा मोजायचं यंत्र असतं, छोट्या वाट्या गरगर फिरत असतात. वारा मर्यादेबाहेर गेला की मी हात वर करते आणि टांगलेलं ओझं खाली येतं. त्यावर चर्चा नसते. ऑपरेटर पाकिस्तानी असो की मलयाळी, साहेब इंग्रज असो की बहरीनी, ओझं खाली येतं. आयुष्यात माझं इतकं कुणीच ऐकलेलं नाही, नवऱ्यानं तर नाहीच.

हवामान हा छंदही असतो, हे मला बहरीनमध्ये आल्यावर कळलं.

हमद टाउनमध्ये एक तळं आहे, माणसांनी केलेलं. त्याच्या काठावर आपल्या मराठी लोकांची एक सहल होती. तिथं पुण्याचे एक गृहस्थ भेटले. बँकेत वरच्या हुद्द्यावर, आणि त्याहून मोठा हुद्दा म्हणजे 'वेदर ग्रुप'चे अध्यक्ष. गळ्यात दुर्बीण, हातात पंख्याचं छोटं यंत्र. मी कुतूहलानं विचारलं, तर त्यांनी आधी मलाच विचारलं.

"तुमचं शिक्षण?"

"बी.एस्सी. फिजिक्स."

"अरे वा! कुठल्या कॉलेजच्या?"

मी नाव सांगितलं.

"हे कुठंशी आलं?"

"तुम्ही हैदराबादच्या गाडीत झोपलेले असता ना सर, तेव्हा येऊन जातं."

ते हसले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. पुढं सांगायला जागा मिळणार नाही. त्यांनी तिथल्या तिथं मला ग्रुपमध्ये घेतलं. "आम्हाला लेडीज मेंबर हवीच होती," म्हणाले. मला वाटलं वारा मोजायला. पुढच्या सहलीला कळलं, चिवडा कुणी आणायचा हा प्रश्न बरेच दिवस प्रलंबित होता.

ग्रुपचं काम जोरात चालायचं. शमाल सुटला, म्हणजे इथला तो वायव्येकडून येणारा धुळीचा वारा, की सगळी शहाणी माणसं खिडक्या लावून घरात बसतात. आमचा ग्रुप गाडी काढायचा. त्याला ते 'चेस' म्हणायचे. मोठी चार चाकांची गाडी, आत एसी, थर्मासमध्ये चहा, आणि मागच्या सीटवर भाकरवडी घेऊन मी. एकदा अध्यक्षांनी खिडकीतून हात बाहेर काढून ते छोटं यंत्र धरलं आणि आनंदानं ओरडले, "साठ! साठ किलोमीटर!"

"सर, गाडी साठनं चाललीय," मी म्हटलं.

"ते वजा करायचं असतं," ते म्हणाले.

वजा केलं. उरलं ते ग्रुपवर टाकण्यासारखं नव्हतं, म्हणून वजा न करता टाकलं.

वाऱ्याचा कंटाळा आला की बर्फ. बहरीनमध्ये बर्फ शीतपेयात आणि मासळीबाजारात पडतो, पण अध्यक्षांचा मुलगा एका थंड देशात शिकायला होता आणि त्याच्या खोलीच्या खिडकीतून एक मोठं सरोवर दिसायचं. मुलानं खिडकीत कॅमेरा लावून दिला होता. मुलगा घरी फोन करत नसे, पण कॅमेरा चोवीस तास चालू. त्या सरोवराकाठी किती बर्फ पडला, कालच्यापेक्षा किती जास्त, हे आम्हाला रोज सकाळी कळायचं. तिकडे उन्हाळा आला की मागच्या हिवाळ्याचे फोटो पुन्हा यायचे. यातूनच 'दोन तळ्यांचा तुलनात्मक अभ्यास' निघाला. त्या सरोवराकाठी बर्फ जास्त पडला की आपल्या तळ्याकाठी शमाल मंदावतो, असा अध्यक्षांचा सिद्धांत होता. मधे अर्धं जग येत होतं, पण सिद्धांताला त्याची अडचण नव्हती.

सिद्धांताला आकडे लागतात. म्हणून ग्रुपनं वर्गणी काढून हवामानाचं एक यंत्र मागवलं, वाट्यांचं, क्रेनवर असतं तसलंच पण घरगुती. ग्रुपमधले एक इंजिनिअर तळ्यासमोरच्या इमारतीत राहायचे. मुंबईचे, स्वभावानं गरीब, रोज कारखान्यातली मीटरं तपासणारे. त्यांच्या गच्चीवर ते बसवलं आणि सगळे त्यांना 'स्टेशनमास्तर' म्हणू लागले. यंत्रातले आकडे थेट सगळ्यांच्या मोबाइलवर. उन्हाळाभर एकसारखा, एकाच दिशेचा, दणकट वारा दिसत राहिला आणि हवा इतकी गरम की अध्यक्ष रोज नवा उच्चांक जाहीर करायचे. थंडी आली आणि वारा पडला. डिसेंबरात जवळजवळ नाहीच. तिकडच्या सरोवराकाठी त्याच महिन्यात भरपूर बर्फ. अध्यक्षांना आभाळ ठेंगणं झालं. मार्चमध्ये त्यांनी एका सभागृहात रंगीत स्लाइड दाखवून निष्कर्ष मांडला: तळ्यावरचा वारा कमी होत चालला आहे. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. चिवडा माझाच होता.

आता जयंतीचं सांगते, कारण माझा जीव त्यात अडकला होता.

जयंती म्हटलं की आमच्या घरात दुसरी कुठली जयंती डोक्यात येत नाही. एप्रिलमध्ये इथले आपले लोक, कुणी टेक्निशियन, कुणी ऑफिसात, कुणी ड्रायव्हर, सुट्टीचा शुक्रवार बघून एकत्र येतात. वंदना, भाषणं, पोरांची गाणी, जेवण. इतकी वर्षं हे कुणाच्या तरी हॉलमध्ये व्हायचं. हॉल आपल्याला मिळायचा तो दुसऱ्यांचे कार्यक्रम संपल्यावर, मागच्या दारानं, आणि 'आवाज कमी ठेवा' या अटीवर. भिंतीला निळा झेंडा लावायचा तर चिकटपट्टीचे डाग पडतात म्हणून बोलणी खायची. त्या वर्षी मी ठरवलं की उघड्या मैदानावर करायची. तळ्याशेजारचं मैदान. परवानगीसाठी मी स्वतः किती खिडक्यांसमोर उभी राहिले ते विचारू नका. प्रत्येक खिडकीत 'इंशाल्ला' मिळालं. शेवटी एका खिडकीत कागद मिळाला. समितीत बातमी सांगितली तेव्हा आमचे समितीचे वडीलधारे दादा, तीस-एक वर्षं आखातात काढलेला माणूस, चष्मा पुसत बसले.

परवानगी देणाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला होता: वाऱ्याचं काय? मोठा मांडव घालताय, एप्रिल आहे. मी काही म्हणायच्या आधी आमच्या ग्रुपचे अध्यक्ष मदतीला धावले. स्लाइडची प्रत त्यांनी परस्पर पाठवून दिली. वारा कमी होत चालला आहे. वर सही, खाली शिक्का. शिक्का त्यांनी कधी करून घेतला मला माहीत नाही.

शुक्रवारी जयंती. बुधवारी दुपारी सित्रात वारा उठला. क्रेनच्या वाट्या दिसेनाशा झाल्या, मी हात वर केला, ओझं खाली आलं. सवयीनं मोबाइलवर तळ्याचं स्टेशन बघितलं. शून्य. दोन नाही, एक नाही, शून्य. त्यात सरकारी सूचना आली: आठवड्याच्या शेवटी जोरदार वारा, धूळ, कदाचित विजांचा पाऊस. मी ग्रुपवर लिहिलं.

"सर, इशारा आलाय. आपलं स्टेशन शून्य का दाखवतंय?"

"ताई, ती सूचना मुहर्रकच्या विमानतळावरून येते. आपल्या तळ्याचं मायक्रोक्लायमेट वेगळं आहे."

"सित्रात आत्ता क्रेन थांबवलीय मी."

"सित्रा इंडस्ट्रियल एरिया आहे."

"वाऱ्याला कळवलंय का तसं?"

कुणीतरी हसरा चेहरा टाकला आणि लगेच काढून घेतला. अध्यक्षांनी उत्तरादाखल सरोवराचा ताजा फोटो पाठवला. तिकडे एप्रिलातही बर्फ पडला होता. म्हणजे आपल्याकडे शांतता.

संध्याकाळी मी नवऱ्याला घेऊन सरळ स्टेशनमास्तरांच्या घरी गेले. अध्यक्षही आले; त्यांच्या सिद्धांतावर कुणी गच्चीत चढतंय म्हटल्यावर येणारच. वहिनींनी, म्हणजे स्टेशनमास्तरांच्या बायकोनं, दार उघडलं, "या, या, चहा टाकते," म्हणाल्या, आणि आम्ही चौघं जिना चढून वर गेलो.

इथल्या गच्च्या तुम्ही बघितल्या नसतील तर सांगते. पाण्याच्या टाक्या, डिशच्या छत्र्या आणि सगळ्या बिऱ्हाडांच्या एसीची बाहेरची धुडं, रांगेनं. आमचं यंत्र एका कोपऱ्यात लोखंडी कठड्याला बांधलेलं होतं. वायव्येला त्याच्या अगदी पाठीशी पाण्याची भलीमोठी टाकी. आणि समोर, हातभर अंतरावर, एसीचं धूड, पंख्याचं तोंड थेट यंत्राकडे.

"इथं का बसवलं?" माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"मालक ड्रिल करू देत नाही," स्टेशनमास्तर म्हणाले. "आणि वायफाय इथपर्यंतच येतं. तिकडे टोकाला नेलं की तुटतं."

मी टाकीच्या पलीकडे गेले तर ओढणी तोंडावर आली, असा वारा. अलीकडे आले तर गप्प. वाट्या थंड.

"हेच ते मायक्रोक्लायमेट," अध्यक्ष म्हणाले. "फील करा. किती शांत आहे."

तेवढ्यात वाट्या हलल्या. हळू, मग जोरात, मग गरगर. अध्यक्षांचा मोबाइल वाजला, वाऱ्याचा इशारा होता. त्यांचा चेहरा खुलला.

"बघा! सुटला वारा! दिशा बघा, दक्षिण-आग्नेय! शमाल नाहीच हा, हे काहीतरी नवीनच आहे!"

जिन्यातून वहिनींचा आवाज आला. "अहो, चहा झालाय! आणि हॉलमधला एसी लावलाय, गरम होत होतं. या खाली!"

चौघांच्याही माना एसीकडे वळल्या. समोरचं धूड घुमत होतं आणि गरम वाफारा आमच्या पायांवर येत होता. माझ्या नवऱ्यानं जिन्याशी जाऊन हाक मारली, "वहिनी, जरा बंद करता का?" बंद झालं. वाट्या मंदावल्या, थांबल्या. अध्यक्षांचा मोबाइल गप्प झाला.

"परत लावा," स्टेशनमास्तर स्वतःच म्हणाले. परत वाट्या गरगर. बिचारे रोज कारखान्यात मीटरं तपासतात. त्यांचे कान लाल झाले होते.

म्हणजे आमच्या ग्रुपनं जवळजवळ वर्षभर, अत्यंत शिस्तीनं, वहिनींचा एसी मोजला होता. उन्हाळ्यात तो चालू, म्हणून वारा दणकट. थंडीत बंद, म्हणून वारा नाही. खरा शमाल टाकीच्या पाठीवर डोकं आपटून परत जात होता. आणि त्या लांबच्या सरोवराकाठच्या बर्फाचा संबंध जोडायचाच तर तो असा होता, की तिकडे थंडी पडते तेव्हा इकडेही लोक एसी बंद करतात.

"ही एक शक्यता आहे," अध्यक्ष म्हणाले.

चहा प्यायला आम्ही खाली आलो. वहिनींना सांगितलं तर त्या तोंडावर पदर घेऊन हसल्या. "मग माझं नाव घाला की त्या स्लाइडमध्ये," म्हणाल्या. त्या घरात त्या संध्याकाळी शास्त्रीय वृत्तीचं असं एवढंच वाक्य बोललं गेलं.

मला मात्र हसू येत नव्हतं. मैदानात मांडव उभा राहात होता. लोखंडी पाइपचा सांगाडा, वर कापडाचं अवाढव्य छत, स्टेजपुढं कमान. परवानगी ज्या कागदावर मिळाली होती त्यात वहिनींचा एसी पडलेला होता.

गुरुवारी संध्याकाळी समिती मैदानावर जमली. कंत्राटदाराची माणसं छत ताणत होती. निळ्या पताका लागल्या होत्या. पोरं मांडवाखाली पळत होती. मी सगळं सांगितलं, गच्चीसकट. लोक हसले, मग वर छताकडे बघू लागले.

"मग काय करायचं म्हणतीस?" दादांनी विचारलं.

"मांडव उतरवायचा. त्या समोरच्या इमारतीखाली पार्किंग आहे, खांबांवरचं, तीन बाजूंनी भिंत. तिथं करायची."

एका तरुण कार्यकर्त्याला राहवलं नाही. "ताई, पार्किंगमध्ये? अहो, इतकी वर्षं लोकांच्या हॉलच्या कोपऱ्यात केली. पहिल्यांदा मैदान मिळालं, आणि आपणच आपल्याला गाड्यांच्या जागेत न्यायचं?"

"मैदान कुणी मिळवलं?" मी विचारलं.

"तुम्हीच."

"मग मला कमी वाईट वाटतंय का?"

"फोटो कसले येतील पण! मागं नंबर प्लेटा!" दुसरा म्हणाला.

"उद्या सकाळी बघू, आभाळ बघून ठरवू," तिसरा म्हणाला. मला भट्टी आठवली. आभाळ बघून ठरवणाऱ्यांची अख्खी वस्ती मी बघितलेली आहे. पण तसं मी बोलले नाही. आवाज चढला तर रडू येईल असं वाटत होतं, आणि यार्डात मला रडताना कुणी बघितलेलं नाही, तर इथं कशाला.

दादा मांडवाच्या खांबापाशी उभे होते. त्यांनी पाइपला हात लावून बघितला. तो थरथरत होता, वारा अजून फारसा नव्हता तरी.

"तुमच्या क्रेनवर काय करतीस तू असं झालं की?"

"ओझं खाली घेते."

"आन् साहेब आडवा आला तर?"

"तरी खाली घेते. मग बोलते."

"मग घे खाली," दादा म्हणाले. "बाकीच्यांनी मंग बोला."

यल्ला, म्हणजे चला, म्हणायला कंत्राटदाराची माणसं तयारच होती. काढायचे पैसे वेगळे नाहीत हे कळल्यावर त्यांचे चेहरे तेवढे पडले. छत उतरलं, घड्या झाल्या. सांगाडा आणि कमान सोडवायला क्रेन लागली असती, म्हणून ती तशीच ठेवून भोवती दोऱ्या बांधल्या आणि आत कुणी जायचं नाही असं ठरलं. पार्किंग रिकामं करायचं काम स्टेशनमास्तरांनी अंगावर घेतलं. त्यांचीच इमारत. बिऱ्हाडाबिऱ्हाडाला जाऊन, नातूरला, म्हणजे तिथल्या वॉचमनला, हात जोडून त्यांनी सगळ्या गाड्या हलवल्या. एका सुदानी कुटुंबानं तर वरून पाणी सोडून फरशी धुऊन दिली. वर्षभरात त्या ग्रुपकडून झालेलं पहिलं उपयोगी काम हे, आणि त्यात एकही आकडा नव्हता.

शुक्रवारची सकाळ कशी असावी? निळं, स्वच्छ, पान हलत नाही असं आभाळ. मुद्दाम धुऊन वाळत घातल्यासारखं. लोक येत होते, मोकळं मैदान बघत होते, मग पार्किंगकडे बघत होते, मग माझ्याकडे.

"ताई, वारा कुठंय?"

"येतोय, ट्रॅफिकमध्ये असेल," माझा नवरा म्हणायचा. तो माझ्या बाजूनं होता की नव्हता हे त्या दिवशी नक्की कळलं नाही.

पोरं तर पोरंच. "आंटी, व्हेअर इज द स्टॉर्म?" मी मराठीत सांगितलं की गप्प बसा, आणि त्यांनी इंग्रजीत विचारलं की का.

वंदना झाली. खांबाखांबाला निळे झेंडे बांधले होते, चिकटपट्टीची भीती नव्हती. खरं सांगायचं तर छान दिसत होतं, पण मी ते मान्य करायच्या मनःस्थितीत नव्हते. समोरच्या रिकाम्या मैदानाकडे बघवत नव्हतं. जेवणं झाली. पोरांची गाणी सुरू झाली. मी मनातल्या मनात प्रत्येकाची माफी मागायची तयारी करत होते.

आणि वायव्येकडे आभाळ पिवळं झालं.

ते बघायला लागलं तोवर आलंच. तळ्यावरचं पाणी सुरकुतलं, मग दिसेनासं झालं. धुळीची भिंत मैदानावरून सरकत आली आणि मांडवाचा सांगाडा कण्हला. कमान पहिल्यांदा वाकली, एका बाजूचा पाया उपटला, आणि ती आडवी होऊन आत पडली, जिथं पहिल्या रांगेच्या खुर्च्या मांडायचं ठरलं होतं तिथं. पहिली रांग म्हाताऱ्यांची आणि गाणी म्हणणाऱ्या पोरांची असते. दोऱ्यांच्या आत कुणी नव्हतं. पार्किंगमध्ये धूळ आली, खीर पिवळी झाली, बायकांनी पोरांच्या तोंडांवर पदर धरले. कुणी धावलं नाही. गाणं म्हणणारी मुलगी क्षणभर थांबली, दादा म्हणाले, "म्हण गं, म्हण," आणि तिनं वाऱ्यावर आवाज चढवून पूर्ण केलं. आवाज कमी ठेवा म्हणणारं तिथं कुणी नव्हतं.

काल मला बोललेला तो तरुण माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. पडलेल्या कमानीकडे बघत राहिला. त्याची मुलगी गाणं म्हणणाऱ्यांत होती. तो काही बोलला नाही आणि मीही त्याला बोलायला लावलं नाही. मला नंतर बोलायची सवय आहे, पण प्रत्येक वेळी बोललंच पाहिजे असं नाही.

मग गारा पडल्या. बहरीनमध्ये, एप्रिलात, टपोऱ्या गारा. आणि पाहुणे म्हणून आलेले आमचे वेदर ग्रुपचे अध्यक्ष स्टीलची वाटी घेऊन धावत बाहेर गेले. डोक्यावर जेवणाची पत्रावळ धरलेली. गारा वेचत ते आनंदानं ओरडत होते. मोबाइलवर दोनच मिनिटांत फोटो आला, तळ्याच्या काठी पांढरे ठिपके, खाली ओळ: "ऐतिहासिक! आपल्या लेकवर पहिला हिमवर्षाव!" पाठोपाठ दुसरा संदेश: "आपल्या ग्रुपने वेळेत दिलेल्या इशाऱ्यामुळे कार्यक्रम सुरक्षित स्थळी हलविण्यात आला." त्याला सगळ्यात जास्त अंगठे मिळाले. एक अंगठा माझ्या नवऱ्याचाही होता.

"तुमचा अंगठा कसा काय?" मी विचारलं.

"चुकून लागला," तो म्हणाला.

मी ग्रुप सोडला नाही. चिवडा मात्र सोडला. पुढच्या बैठकीला मी रिकाम्या हातानं गेले आणि तीनच गोष्टी मागितल्या. ती स्लाइड परवानगीच्या कागदातून परत घ्यायची. यंत्र गच्चीवरून काढून तळ्याकाठी मोकळ्या खांबावर बसवायचं. आणि क्रेनवरच्या यंत्राशी ते ताडून बघेपर्यंत कुठलाही सिद्धांत मांडायचा नाही. पहिल्या दोन मान्य झाल्या. तिसऱ्यावर अध्यक्ष म्हणाले, "ताई, इतकं कडक झालं तर छंदात मजा काय राहिली?"

"मजा वहिनींच्या एसीत होती, सर. तो आता तुम्हाला आकडे देणार नाही."

स्टेशनमास्तरांनी खांबासाठी वर्षभर परवानग्या मागितल्या. माझ्या ओळखीच्या सगळ्या खिडक्या मी त्यांना सांगितल्या. खांब लागला, वाट्या मोकळ्या वाऱ्यावर फिरू लागल्या, आणि पहिल्याच महिन्यात आमच्या यंत्राचे आणि सित्रातल्या क्रेनचे आकडे जवळजवळ जुळले. अध्यक्षांना ते आकडे फार कंटाळवाणे वाटतात. ते परत सरोवराकडे वळले आहेत. मुलगा हल्ली अधूनमधून फोन करतो म्हणे. यंदा तिकडे बर्फ कमी आहे.

आमच्या समितीनं मैदानासाठी पुन्हा अर्ज केला. या वेळी वाऱ्याच्या रकान्यात खरी माहिती होती: किती वाऱ्याला छत उतरवणार, कोण सांगणार, लोक कुठं जाणार. सांगणाऱ्याच्या जागी माझं नाव, पदवीसकट.

गेल्या एप्रिलमध्ये आमची जयंती त्या मैदानावर, मांडवाखाली, सकाळपासून संध्याकाळपर्यंत झाली. छत उतरवावं लागलं नाही, आणि कुणालाही खरचटलंसुद्धा नाही.